क्लासला आलेली माणसं टिकतात कशी? म्हैसूर, पुणे आणि न्यूयॉर्कची गोष्ट

ज्यांना एपिसोड ऐकायला जमत नाही, लोकलमध्ये आवाज पोचत नाही किंवा ऑफिसात हेडफोन लावता येत नाहीत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर. बोलताना घेतलेले चहाचे घोट तेवढे काढून टाकलेत.

आजचा विषय घरातून आलाय. माझी ताई योगाचे क्लास घेते. चार वर्षांपूर्वी तिने नोकरी सोडली, रीतसर शिक्षण घेतलं आणि सोसायटीजवळचा एक हॉल भाड्याने घेतला. या जानेवारीत सकाळच्या बॅचला एकोणीस जण होते. मार्च संपता संपता उरले सात. हॉलचं भाडं मात्र एकोणीस जणांच्या हिशेबाचं.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. आमच्यात याला ‘चर्न’ म्हणतात, म्हणजे ग्राहक गळण्याचं प्रमाण. मी एका शनिवारी बसून तिला एक्सेल करून दिलं. हजेरी, फी, कोण किती दिवस आलं नाही, तीन दिवस गैरहजर राहिलं की आपोआप व्हॉट्सॲप मेसेज, वर एक झकास ग्राफ. ताईने तो बघितला आणि म्हणाली, “अरे, माणसं गळतायत हे मला समोरच्या रिकाम्या मॅटवर दिसतंच आहे. ती का गळतायत ते सांग.”

आता याचं उत्तर एक्सेलमध्ये कुठून येणार? मग मी माझ्या आवडीचं काम केलं, इतिहासात शिरलो. म्हटलं, ठरलेल्या वेळेला बॅच आणि पोटापाण्यासाठी शिकवणारा शिक्षक, हा प्रकार आपल्याकडे शंभरेक वर्षं तरी आहे. त्या लोकांची माणसं गळत नव्हती का? गळत होती. आज ज्यांचे फोटो योगाच्या हॉलमध्ये भिंतीवर लावतात, त्यांचीसुद्धा.

एकच मोठा आश्रयदाता

सुरुवात म्हैसूरपासून. तिरुमलाई कृष्णम्माचार्य हे नाव योग शिकलेल्यांना माहीत असेल. जन्म १८८८चा. आज जगभर जो योग शिकवला जातो, त्याच्या बऱ्याच शाखा फिरून फिरून या एका माणसापाशी येतात. म्हैसूरचे महाराज चौथे कृष्णराज वाडियार यांनी त्यांना आश्रय दिला आणि १९३३ मध्ये जगनमोहन राजवाड्यात योगशाळा सुरू झाली. जागा राजवाड्याची आणि विद्यार्थ्यांत राजघराण्यातली मुलं. शिवाय महाराजांच्या पाठबळावर गावोगाव प्रात्यक्षिकांचे दौरे. शिक्षकाला आणखी काय हवं?

पण बघा, या मांडणीत एक गोची होती. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळी सिस्टिम एकाच सर्व्हरवर चालली होती. १९४० मध्ये कृष्णराज वाडियार गेले. त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या महाराजांचा योगाकडे तेवढा ओढा नव्हता. मग स्वातंत्र्य आलं, संस्थान विलीन झालं, आणि १९५० मध्ये ती योगशाळा बंद पडली. शिक्षक तोच, विद्याही तीच, फक्त खर्च उचलणारा हात गेला.

दौऱ्यांचंही तसंच. अवघड आसनं बघायला गर्दी जमायची. पण बघायला आलेला प्रत्येक जण काही दुसऱ्या दिवशी सकाळी शिकायला येत नाही. टाळ्या वाजवणारा वेगळा आणि चटई घेऊन येणारा वेगळा. आजच्या रील्सच्या जमान्यात हे वेगळं सांगायला नको.

गंमत पुढे आहे. साठी ओलांडलेले कृष्णम्माचार्य मद्रासला गेले. तिथल्या एका नामवंत वकिलांना पक्षाघात झाला होता, त्यांच्यावर उपचारासाठी त्यांना बोलावणं आलं होतं. म्हैसूरला कडक शिस्तीत मुलांच्या बॅचेस घेणारा हा शिक्षक मद्रासमध्ये समोरच्या एकेका माणसाला बघून शिकवायला लागला. वय काय, आजार काय, दिवसभर काम काय करतो, त्याप्रमाणे अभ्यास. राजवाडा नाही, महाराज नाहीत, एकामागून एक येणारी साधी माणसं. १९८९ मध्ये शंभरी गाठून ते गेले, आणि शेवटपर्यंत त्यांच्याकडे शिकायला माणसं येत होती.

डेक्कनवरचा अठरा वर्षांचा मास्तर

आता पुण्यात येऊ. कृष्णम्माचार्यांच्या पत्नीचा धाकटा भाऊ म्हणजे बेल्लूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार. होय, तेच आपले मॉडेल कॉलनीतले बी. के. एस. अय्यंगार. जन्म डिसेंबर १९१८. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय असं सगळं होऊन गेलेलं. नऊ वर्षांचे असताना वडील वारले. १९३४ मध्ये ते मेव्हण्यांकडे म्हैसूरला गेले आणि तिथे आसनं शिकले.

१९३७ मध्ये पुण्याहून मागणी आली, की योग शिकवायला कोणीतरी पाठवा. या मागणीमागे डॉ. व्ही. बी. गोखले होते. ते सिव्हिल सर्जन म्हणून काम केलेले, आणि कर्नाटकातल्या दौऱ्यात त्यांनी हा मुलगा पाहिला होता. डेक्कन जिमखान्याने व्यवस्था केली. करार सहा महिन्यांचा. म्हैसूरच्या शिष्यांत थोडंफार इंग्रजी येणारा हाच, म्हणून याची निवड झाली. वय अठरा, शाळा अर्धवट, मराठीचा गंध नाही.

आणि शिकवायचं कोणाला? कॉलेजातल्या पोरांना! ती याच्याहून थोराड, शिकलेली. ती त्याला हसायची. ‘बीटेक’च्या दुसऱ्या वर्षात मी ज्युनिअरांचं एक लॅब सेशन घेतलं होतं, तेवढ्यावर मला त्या हसण्याची कल्पना आहे. आणि इथे तर याचं पोटच त्यावर होतं.

सहा महिन्यांचा करार वाढत वाढत तीन वर्षं चालला आणि १९४० च्या सुमारास संपला. म्हणजे म्हैसूरची गोष्ट लहान आकारात परत. एक संस्था, एक करार, तो गेला की सगळं गेलं. पुढची वर्षं वाईट होती. त्यांनीच पुढे सांगितलंय, की दोन-तीन दिवसांतून एकदा ताटभर भात मिळायचा, बाकी वेळ पाणी आणि चहा. सायकलवरून पुण्यात या टोकाकडून त्या टोकाकडे शिकवण्या. १९४३ मध्ये रमामणींशी लग्न झालं, संसार सुरू झाला, पण मिळकतीचा भरवसा नव्हताच.

मी ताईला हे सांगितलं तेव्हा ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, “म्हणजे ते परत म्हैसूरला गेले नाहीत?” नाही गेले. पुण्यात राहिले, मराठी शिकले, आणि घरी तासन्‌तास स्वतःच्या अंगावर प्रयोग करत बसले. इथे गुरू जवळ नव्हता. मग पत्नीलाच शिकवलं, की मी आसनात असताना मला कुठे आधार द्यायचा, कुठे सरळ करायचं.

या काळात त्यांच्याकडे येणाऱ्यांत फरक पडला. धडधाकट कॉलेजकुमार कमी आणि दुखणाईत माणसं जास्त. कुणाची पाठ, कुणाचा दमा, कुणाचं वय झालेलं. अशा माणसाला पुस्तकातलं आसन जमतच नाही. मग काय करायचं? तू कच्चा आहेस म्हणून घरी पाठवायचं? त्यांनी आसन बदललं. हात जमिनीला पोचत नाही, तर हाताखाली लाकडी ठोकळा. पाय पकडता येत नाही, तर पट्टा. उभं राहवत नाही, तर खुर्ची, भिंत, दोर. आज जगभरातल्या स्टुडिओत जे ‘ब्लॉक’ आणि ‘बेल्ट’ दिसतात, ते रूढ होण्यात पुण्यातल्या या शिकवण्यांचा मोठा वाटा आहे.

आता हे ग्राहक टिकवण्याच्या बाजूने बघा. ज्याला पहिल्या दिवशी काहीच जमलं नाही, तो दुसऱ्या दिवशी येत नाही. ठोकळा दिला, की पहिल्याच दिवशी त्याला काहीतरी जमतं. आणि तो ठोकळा कुठे ठेवायचा, किती उंच ठेवायचा, हे ठरवायला शिक्षकाला त्याच्याकडे, फक्त त्याच्याकडे, नीट बघावं लागतं.

पाच मिनिटांची भेट

१९५२ ची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक यहूदी मेन्युहिन भारतात आले होते. योगाची आवड होती, अंगदुखी आणि थकवा होता. मुंबईत अय्यंगारांना भेटीची वेळ मिळाली, म्हणे पाच मिनिटं. मेन्युहिन दमलेले होते. अय्यंगारांनी त्यांना आडवं केलं, शवासनात नेलं, आणि तो माणूस झोपी गेला. पाच मिनिटांची भेट कुठल्या कुठे लांबली.

इथे गोष्ट संपवून आपण म्हणतो, बघा, नशीब उघडलं. मान्य, नशीब होतंच. मेन्युहिन प्रत्येकाच्या दारात येत नाहीत. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. दौऱ्यावरचा पाहुणा एकदा भेटून विसरू शकला असता. मेन्युहिन विसरले नाहीत. १९५४ मध्ये त्यांनी अय्यंगारांना स्वित्झर्लंडला नेलं. पुढे एक घड्याळ भेट दिलं, आणि त्यावर अय्यंगार हे आपले सर्वांत चांगले व्हायोलिन शिक्षक आहेत अशा अर्थाची ओळ कोरून घेतली. अय्यंगारांना व्हायोलिन येत नव्हतं हो! पण ते वाजवणाऱ्या खांद्याकडे कसं बघायचं, हे येत होतं.

या मेन्युहिनमुळे ओळखी वाढल्या. बेल्जियमच्या राजमाता एलिझाबेथ ऐंशीच्या पुढे असताना त्यांच्याकडून शीर्षासन शिकल्या. पण एकाच मोठ्या नावावर बसून राहायचं नाही, हे १९४० ने शिकवलेलं असावं. पुण्यातल्या शिकवण्या चालूच, शिवाय आठवड्याच्या शेवटी मुंबईला जाऊन क्लास. युरोपात राण्या आणि कलावंत, इकडे साधी नोकरदार माणसं. १९६१ पासून लंडनचे वर्गही नियमित झाले.

एक गोष्ट लपवायची नाही. अय्यंगार तापट होते. ओरडायचे, फटकाही मारायचे. बी. के. एस. या अक्षरांवरून ‘बीट, किक, स्लॅप’ असा विनोद त्यांचे विद्यार्थीच करायचे. आजच्या शिक्षकाने हे करू नये, आणि माणसं त्यामुळे टिकली असं तर मुळीच समजू नये. कित्येक जण त्यामुळे सोडूनही गेले असतील, त्यांची कोणी मोजदाद ठेवलेली नाही. जे राहिले त्यांच्या आठवणींत एकच गोष्ट परत परत येते, की गच्च भरलेल्या हॉलमध्येही या माणसाला माझा एक गुडघा दिसला.

आठव्या अव्हेन्यूवरचा जर्मन

आता ताईचा प्रश्न होता, “हे योगापुरतंच आहे का? माझे निम्मे लोक पिलाटेसला गेलेत!” बरं, मग पिलाटेसचं बघू.

पिलाटेस हे माणसाचं आडनाव आहे. जोसेफ पिलाटेस, जन्म १८८३, जर्मनी. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये होता आणि शत्रुदेशाचा नागरिक म्हणून त्याला छावणीत डांबलं होतं. १९२६ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कमध्ये आठव्या अव्हेन्यूवर त्याने आणि क्लाराने स्टुडिओ थाटला. आपल्या पद्धतीला तो ‘कंट्रोलॉजी’ म्हणायचा.

जागा नर्तकांच्या वावराजवळची. नर्तकांचं काय असतं, घोटा गेला की पोट गेलं. जॉर्ज बॅलन्शीनसारखे नृत्यदिग्दर्शक आपल्या दुखावलेल्या नर्तकांना त्याच्याकडे धाडायचे. आणि तिथे सगळ्यांनी मिळून एकच व्यायाम करायचा असं नव्हतं. प्रत्येकाचा क्रम वेगळा. स्प्रिंगा लावलेली उपकरणं त्यानेच बनवलेली, कुणी कशावर, किती ताण लावून काम करायचं ते माणूस बघून ठरायचं.

म्हणजे तेच की! पुण्यात लाकडी ठोकळा, न्यूयॉर्कात स्प्रिंग. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोघेही कडक स्वभावाचे. दोघांकडे येणारा माणूस आधी दुखणं घेऊन आला आणि नंतर राहिला.

पण एका ठिकाणी दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. १९६७ मध्ये पिलाटेस गेला. वारस कोण, शिकवायचा अधिकार कोणाला, हे काहीच नीट ठरवलेलं नव्हतं. क्लाराने स्टुडिओ चालवला, मग रोमाना क्रिझानोव्स्का पुढे आली. ती मूळची नर्तकी, घोट्याच्या दुखण्यासाठी बॅलन्शीननेच तिला इथे आणलं होतं. आणखी एक विद्यार्थिनी कॅरोला ट्रिअर, एक रॉन फ्लेचर, ज्याने कॅलिफोर्नियात स्टुडिओ काढून हॉलिवूडवाल्यांना शिकवलं. पद्धत जगली ती या लोकांमुळे, म्हणजे त्याच्या जुन्या ग्राहकांमुळे. पण ‘पिलाटेस’ हे नाव वापरायचा हक्क कोणाचा, यावरून पुढे भांडणं झाली आणि शेवटी २००० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने सांगितलं, की हे आता योग किंवा कराटेसारखं एका प्रकारच्या व्यायामाचं नाव आहे, कोणा एकाच्या मालकीचं नाही. आज गल्लोगल्ली पिलाटेसच्या पाट्या दिसतात, त्यामागे हा निकालही आहे.

शिष्यच उद्याचे मास्तर

अय्यंगारांनी हे काम हयातीतच केलं. १९६६ मध्ये ‘लाइट ऑन योगा’ आलं, प्रस्तावना मेन्युहिनची. दोनशे आसनं आणि सुमारे सहाशे फोटो. पण मला त्यातलं परिशिष्ट आवडतं. तिथे आठवड्यांप्रमाणे अभ्यासक्रम दिलाय, पहिला टप्पाच तीस आठवड्यांचा. विचार करा, आपण ‘एकवीस दिवसांत लवचिक व्हा’ म्हणतो, आणि हा माणूस पहिल्यांदाच सांगून टाकतो की बाबा, सात महिने धर. जो त्या बोलीवर येतो, तो तिसऱ्या आठवड्यात निराश होऊन जात नाही.

मग १९७० च्या सुमारास लंडनच्या शिक्षण खात्याने प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गांत त्यांची पद्धत घेतली. आता एवढे वर्ग एक माणूस घेणार कसा? शिक्षक तयार करावे लागले, त्यांच्या पात्रतेचे नियम करावे लागले. जे विद्यार्थी टिकले होते, तेच शिक्षक झाले. व्यापाराच्या नजरेने बघितलं तर हा तोटा वाटेल, कारण सगळ्यांत जुना ग्राहक स्वतःचं दुकान टाकतोय. पण त्या प्रत्येक दुकानातून कोणीतरी पुढचं शिकायला पुण्याला यायला लागलं.

१९७३ मध्ये पुण्यात संस्थेच्या इमारतीचं भूमिपूजन झालं आणि काही दिवसांतच रमामणी गेल्या. १९७५ मध्ये इमारत उभी राहिली ती त्यांच्याच नावाने, रमामणी अय्यंगार मेमोरियल योग इन्स्टिट्यूट. मुलगी गीता आणि मुलगा प्रशांत तिथे शिकवायला लागले. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अय्यंगार गेले, तेव्हा ते पंच्याण्णव वर्षांचे होते. वर्ग बंद पडले नाहीत. ज्या शहरात सहा महिन्यांच्या करारावर आलेल्या पोराला मुलं हसली होती, तिथे आजही परदेशातून माणसं शिकायला येतात.

मग ताईने काय केलं?

इंजिनिअर म्हणून एक सावधगिरीची सूचना. आपण जे मोठे झाले त्यांच्याच गोष्टी सांगतो. तेवढंच मन लावून शिकवणारे आणि तरीही क्लास बंद करावे लागलेले किती असतील, त्यांच्यावर पुस्तकं निघत नाहीत. त्यामुळे ‘असं केलं की असं होतंच’ असा फॉर्म्युला मी विकत नाहीये. पण या तिन्ही गोष्टींत एक धागा मला स्पष्ट दिसतो. उत्पन्न एकाच दोरीला टांगलं तर दोरी तुटते. आणि माणूस त्याच ठिकाणी परत येतो, जिथे त्याच्या शरीराची कोणालातरी आठवण असते.

ताईने माझं एक्सेल बंद केलं. आपोआप जाणारे मेसेजही बंद. तिने दोनशे पानी वही आणली, एका माणसाला दोन पानं. क्लास संपला की दहा मिनिटं बसून लिहिते. देशपांडे काकूंचा उजवा खांदा आज वर गेला. अमुक मुलाची रात्रपाळी सुरू झालीय, त्याला उद्या पुढे वाकायला लावू नये. मग गळालेल्या बारा जणांची नावं काढली आणि एकेकाला स्वतः फोन केला. परत या म्हणायला नाही, तर गुडघा कसा आहे विचारायला.

फोन करताना तिच्या लक्षात आलं, की बारापैकी पाच जणांचं नेमकं काय दुखत होतं, हे तिला आठवतच नव्हतं. “का गळतायत” याचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं, आणि ते ऐकणं तिला सोपं गेलं नाही.

बारापैकी तिघं परत आले. म्हणजे सातचे दहा झाले. हॉलचं भाडं अजून पूर्ण निघत नाही, म्हणून संध्याकाळी तिने ज्येष्ठांची एक छोटी बॅच सुरू केलीय, खुर्च्यांवर बसून करायची. खुर्च्या हॉलवाल्याच्याच, लग्नात लावतात त्या. आणि सात जणांत सगळ्यांत जुनी जी मुलगी आहे, तिला ती आता दर शनिवारी वॉर्मअप घ्यायला लावते. मी विचारलं, “उद्या तिने शेजारच्या सोसायटीत स्वतःचा क्लास काढला तर?”

ताई वहीतून मान वर न करता म्हणाली, “काढू दे की. पण आधी तिला लोकांकडे बघायला शिकवते.”

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्यापैकी कोणी क्लास घेत असेल, योगाचा, पिलाटेसचा, तबल्याचा, गणिताचा, तर पहिला विद्यार्थी सोडून गेला तेव्हा काय केलंत ते व्हॉइस नोटमध्ये नक्की सांगा. आणि तुम्ही स्वतः जानेवारीत फी भरून फेब्रुवारीत गायब झालेल्यांपैकी असाल, तर तुमच्या मास्तरांना निदान एक फोन करा. दुखणं नेमकं कुठे होतं तेही सांगा, त्यांना उपयोग होईल. भेटू पुढच्या भागात.